निधि जमविणाऱ्यांस चार शब्द

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कार्यकर्त्यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या सभेस जमलेली मंडळी पाहिली म्हणजे माझा संकोच बराचसा दूर होतो. येथें कोणी मुलींच्या वसतिगृहासाठीं, कोणी दवाखान्यासाठीं, कोणी वृद्धाश्रमासाठीं दारोदार हिंडलेले आहेत. "उद्यां या", "मालक घरीं नाहींत", "गेल्या वर्षीं दिलें होतें ना?" हीं तीन वाक्यें आपणां सर्वांच्या चांगल्या परिचयाचीं आहेत. सार्वजनिक कार्यासाठीं पैसा कसा जमवावा ह्याविषयीं चार शब्द सांगण्याची महोत्सव समितीनें मला आज्ञा केली. मी कांहीं विद्वान् नव्हे. एका लहानशा वसतिगृहाचा खजिनदार म्हणून बावीस वर्षें मीं पावतीपुस्तक बाळगलें, एवढाच माझा अधिकार.

प्रारंभींच माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्याचें मूळ तिच्यांत आहे.

आमच्या वसतिगृहांत उन्हाळ्यांत पाण्याचे फार हाल होत. भाजीपाल्याचा व्यापार करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनीं विहिरीसाठीं म्हणून चाळीस हजार रुपये दिले. पावतीवर मींच माझ्या हातानें 'विहिरीकरितां' असें लिहिलें. त्या वर्षीं अनुदान वेळेवर आलें नाहीं. स्वयंपाकीण व दोन शिक्षिका ह्यांचे चार महिन्यांचे पगार थकले. समितीच्या बैठकींत असें ठरलें कीं, ही रक्कम तूर्त पगारांकडे वापरावी आणि अनुदान हातीं आलें म्हणजे भरून काढावी. त्या ठरावावर माझी सही आहे. कोणीं एक पैसाहि घरीं नेला नाहीं. पुढें अनुदान आलें तें दुसऱ्या देण्यांत गेलें, आणि विहीर राहून गेली.

मे महिन्यांत ते गृहस्थ सुटीसाठीं आलेल्या नातवंडांना घेऊन आमच्याकडे आले. "आमची विहीर कोणत्या बाजूला?" असें त्यांनीं मला विचारलें. मीं जीं कारणें सांगितलीं तीं सर्व खरीं होतीं. त्यांनीं तीं शांतपणें ऐकून घेतलीं, दिलेलें पाणी प्यायले (तें टँकरचें होतें), आणि मुलांचा हात धरून ते निघून गेले. ते रागावले असते तर मला बरें वाटलें असतें. दोन वर्षांनीं आम्हीं विहीर बांधली व त्यांस पत्र पाठविलें. उत्तर आलें नाहीं. त्यांच्या पेठेंतून आम्हांस पुढें सात वर्षें कोणीहि सांगण्यासारखी रक्कम दिली नाहीं. कोणी वाईट बोललें असेंहि नाहीं. चहा मिळे, खुर्ची मिळे, देणगी मात्र मिळत नसे.

तेव्हांपासून माझी अशी समजूत झाली आहे कीं, पैसा मागतांना आपण काय बोलतों ह्यापेक्षां पैसा मिळाल्यानंतर आपण काय करतों ह्यावर आपलें सारें काम अवलंबून असतें. विशिष्ट कामासाठीं दिलेला पैसा संस्थेच्या पेटींत पडला तरी संस्थेचा होत नाहीं. तो त्या कामाचा राहतो. अशा रकमांचें खातें वहींत निराळें असावें, आणि शक्य तर बँकेंतहि निराळें. अडचण कोणत्या संस्थेस येत नाहीं? परंतु अशा वेळीं समितीपुढें जाण्याअगोदर देणाऱ्याकडे जावें, आपली अडचण सांगावी, आणि तो "वापरा" म्हणाला तर तसें दोन ओळींत लिहून घ्यावें. मीं त्या दिवशीं एवढें केलें असतें तर ते गृहस्थ नाहीं म्हणाले नसते, अशी माझी खात्री आहे. ज्याचे पगार थकले त्याची काळजी त्यांनाहि होतीच.

आतां मागण्याकडे वळूं. पुष्कळांस असें वाटतें कीं, ह्या कामास वक्तृत्व पाहिजे. महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचें उदाहरण पाहिलें म्हणजे हा भ्रम दूर होतो. कर्वे स्वभावतः अत्यंत लाजाळू. आपल्या ह्या भिडस्तपणाविषयीं त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. १८९३ मध्यें त्यांनीं विधवेशीं पुनर्विवाह केला, त्यामुळें मुरूडसारख्या स्वतःच्या गांवांतहि त्यांस बहिष्कार सोसावा लागला. अशा माणसानें १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढला, आणि ज्या समाजास विधवांचें शिक्षण नको होतें त्याच समाजापुढें त्या शिक्षणासाठीं हात पसरला. फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवावें आणि सुटी लागली कीं वर्गणीसाठीं गांवें पालथीं घालावीं, हा त्यांचा क्रम. १९०० मध्यें आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला, तेव्हां तेथें शिकविण्यासाठीं ते शहरांतून पायीं जात. वर्गणी देणाऱ्यांस हें दिसत होतें. त्यांनीं आपली स्वतःची शिल्लकहि संस्थेस दिली होती, हेंहि ठाऊक होतें. कर्व्यांना फारसें बोलावें लागत नसे ह्याचें कारण हें आहे.

१९१६ मध्यें त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें, आणि १९२० मध्यें सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं त्यास पंधरा लक्ष रुपये दिले. त्यांच्या मातोश्री नाथीबाई ह्यांचें नांव विद्यापीठास मिळालें. लोक ही गोष्ट सांगतात ती पंधरा लक्षांपासून. मला ती १८९६ पासून सांगावीशी वाटते. मधल्या चोवीस वर्षांत लहान लहान वर्गण्यांवर संस्था उभी राहिलेली होती, म्हणून मोठा दाता तिच्याकडे वळला. आणि पंधरा लक्ष मिळाल्यावर कर्वे घरीं बसले काय? १९२९ मध्यें, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ते युरोप, अमेरिका व जपान ह्या प्रवासास निघाले, आणि नंतर आफ्रिकेंत जाऊन तेथील हिंदी लोकांस भेटले. १९३६ मध्यें खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांनीं नवी संस्था काढून पुनः वर्गणी मागण्यास आरंभ केला. तेव्हां त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर होतें. आपल्यापैकीं जे "आतां वय झालें" म्हणून पावतीपुस्तक परत करण्याच्या विचारांत आहेत त्यांच्यासाठीं हें सांगितलें.

मोठ्या देणगीविषयीं एक सूचना. तिच्याबरोबर बहुधा नांव येतें आणि अटी येतात. नांवाचें फारसें भय नाहीं. अटी मात्र लेखी घ्याव्या, समितींत मोठ्यानें वाचून दाखवाव्या, आणि दहा वर्षांनीं आपण येथें नसतांना त्या कोण पाळणार हें विचारावें. पाळतां येणार नसतील तर रक्कम नम्रपणें परत करावी. हें सांगणें सोपें आहे हें मी जाणतों. पण माझी विहीर आठवा.

लहान वर्गण्यांच्या बाबतींत आपल्याकडे एक विलक्षण प्रयोग झाला. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं अशी कल्पना काढली कीं, प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा. हाच पैसाफंड. लोकमान्य टिळकांनीं तो उचलून धरला, आणि त्यांतून १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना निघाला. आतां जरा हिशेब करा. त्या वेळीं रुपयाचे चौसष्ट पैसे. एक लक्ष माणसांनीं एकेक पैसा दिला तर जमणार १,५६२ रुपये आठ आणे. एक लक्ष दारांपर्यंत जाण्याचा खर्च ह्यांतून वजा करा! केवळ रकमेसाठीं असा उद्योग परवडणारा नव्हे. त्याचा खरा लाभ असा कीं, ज्यानें पैसा दिला त्यास कारखाना आपला वाटूं लागतो. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड, म्हणजे घरोघरचें मूठमूठ धान्य, हाहि त्याच जातीचा.

दुसरा प्रयोग पंडिता रमाबाईंचा. त्या १८८६ मध्यें अमेरिकेस गेल्या. १८८७ च्या अखेरीस बोस्टन शहरीं त्यांच्या नांवानें एक मंडळ स्थापन झालें, आणि गांवोगांवच्या त्याच्या शाखांनीं दहा वर्षें मदत करण्याचें वचन दिलें. त्या वचनावर विसंबून ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. मुदत संपत आली तेव्हां १८९८ मध्यें रमाबाई पुनः अमेरिकेस गेल्या आणि झालेलें काम त्यांनीं दात्यांपुढें मांडलें. पुढील वर्षीं काय येणार हें आज ठाऊक असणें, ह्याची किंमत ज्यानें स्वयंपाकिणीचा पगार थकविला आहे त्यास विचारावी. एकदां आलेली पन्नास हजारांची देणगी आनंद देते. दरमहा शंभर रुपये देणारीं दोनशें घरें वर्षाकाठीं दोन लक्ष चाळीस हजार देतात, आणि त्यांतलीं दहा गळालीं तरी संस्था हालत नाहीं. आतां तर मोबाइलवरून दरमहाची रक्कम आपोआप वळती करण्याची सोय झालेली आहे. पूर्वीसारखें महिन्याच्या पहिल्या रविवारीं दारांत उभें राहावें लागत नाहीं. तरी वर्षांतून एकदां दारांत जावें, आणि त्या दिवशीं पावतीपुस्तक घरीं ठेवावें.

प्रत्यक्ष मागण्याची रीत थोडक्यांत सांगतों. ज्यास आपण ओळखतों त्याच्याकडे आधीं जावें. अनोळखी माणसाकडे त्याच्या ओळखीचें माणूस बरोबर घ्यावें. काम काय, एकंदर खर्च किती, जमले किती, त्याच्याकडून किती अपेक्षा, हे चार आंकडे तोंडपाठ असावे. "यथाशक्ति द्या" हें वाक्य ऐकावयास गोड, परंतु तें देणाऱ्यास कोड्यांत टाकतें. किती दिलें म्हणजे कमी दिसणार नाहीं ह्या विवंचनेंत तो पडतो. त्यापेक्षां "एका मुलीचा एका सत्राचा भोजनखर्च आपण उचलावा" असें म्हणावें, आंकडा सांगावा, आणि मग गप्प बसावें. हें गप्प बसणें मला शिकण्यास सहा वर्षें लागलीं. आंकडा सांगून झाला कीं आपली जीभ वळवळूं लागते आणि "नाहीं तर अर्धे दिलेत तरी चालेल" असें आपणच बोलून बसतों. समोरच्यानें नकार दिला तर कारण नीट ऐकावें. "आतां नाहीं" आणि "ह्या कामाला नाहीं" हे दोन नकार अगदीं निराळे आहेत.

एक मोह टाळावा. दात्यांचें मन द्रवावें म्हणून मुलांच्या दैन्याचीं छायाचित्रें छापण्याची चाल आहे. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यानें संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे, हा एक भाग झाला. परंतु कायदा नसता तरी काय? ती मुलगी उद्यां शिकून मोठी होईल, नोकरीस लागेल, आणि कोणाच्या तरी कपाटांत तिचें तें छायाचित्र पडून असेल.

दुसरा मोह टक्केवारीचा. "जेवढें आणीन त्याचा अमुक हिस्सा मला द्या" असें म्हणणारे लोक भेटतात; आमच्याकडेहि एक आले होते. पूर्ण वेळ काम करणाऱ्यास योग्य पगार अवश्य द्यावा, त्यांत लाज कसली? पण टक्केवारी नको. ह्या व्यवसायांतील लोकांचा अमेरिकेंत जो संघ आहे त्याच्या आचारसंहितेंतहि टक्केवारीच्या मोबदल्यास मनाई आहे. टक्केवारीवर काम करणारा आजची रक्कम पाहतो. देणाऱ्याशीं वीस वर्षांचें नातें जोडण्यांत त्याचा फायदा नसतो.

हिशेबाविषयीं संत पौलाचा कित्ता आपल्यापुढें आहेच. येरुशलेमच्या गरीब बांधवांसाठीं त्यानें ठिकठिकाणच्या मंडळ्यांकडून निधि गोळा केला. त्याच्या पत्रांतून दिसतें कीं, आपण आल्यावर घाईनें वर्गणी होऊं नये म्हणून प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं थोडें थोडें बाजूस ठेवावें असें त्यानें सांगितलें; आणि रक्कम पोंचविण्यासाठीं मंडळ्यांनीं पसंत केलेलीं माणसें बरोबर घेतलीं, कारण एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणास दोष काढण्यास जागा राहूं नये अशी त्याची काळजी होती. प्रेषितास जी सावधगिरी आवश्यक वाटली ती आपणांस अपमानाची कां वाटावी? दानपेटी दोघांनीं मिळून उघडावी, त्याच जागीं मोजावी, दोघांनीं सही करावी, आणि दुसऱ्या दिवशीं ती रक्कम बँकेंत जावी. "माझ्यावर विश्वास नाहीं का?" असें विचारणाऱ्यास सांगावें कीं, ही व्यवस्था तुझ्याच रक्षणासाठीं आहे.

कायद्याचें अंग रुक्ष आहे, पण तें टाळतां येणार नाहीं. आयकराच्या सवलतीसाठीं, जिला लोक अजून '८०-जी' म्हणतात, संस्थेची नोंदणी चालू आहे ना हें आधीं पाहावें. दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीस पात्र ठरत नाहीं. ही मर्यादा २०१७ पासूनची. २०२१-२२ पासून देणगीदारांची माहिती संस्थेनें दरवर्षीं आयकर खात्यास कळवावी लागते आणि त्याचें प्रमाणपत्र देणाऱ्यास पोंचवावें लागतें. म्हणून पावती करतांनाच नांव, पत्ता आणि पॅन क्रमांक स्पष्ट लिहून घ्यावा. मे महिन्यांत फोनवर फोन करीत बसूं नये. मात्र कराच्या सवलतीचें आमिष फार पुढें करूं नका. २०२३-२४ पासून जी नवी करपद्धति आपोआप लागू होते, तींत सामान्य माणसास ही सवलत मिळत नाहीं. "कर वांचेल" म्हणून आपण ज्यास वळविलें, त्यास घरीं गेल्यावर कळतें कीं कांहीं वांचलें नाहीं. मग तो आपल्याला काय म्हणेल?

परदेशच्या पैशाबद्दल तर डोळ्यांत तेल घालून जपावें, कारण आपल्यापैकीं बहुतेकांचे आप्त परदेशीं आहेत. २०१० चा कायदा व त्याची २०२० ची दुरुस्ती ह्यांप्रमाणें परदेशी देणगी नोंदणी अगर पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेसच घेतां येते, ती दिल्लींतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेंतील त्यासाठींच उघडलेल्या खात्यांतच यावी लागते, आणि ती पुढें दुसऱ्या संस्थेस देतां येत नाहीं. येथें प्रश्न राहण्याच्या ठिकाणाचा नसून नागरिकत्वाचा आहे. दुबईस नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला आपला पुतण्या स्वतःच्या शिलकेंतून बँकेमार्फत पैसे पाठवितो तेव्हां ती परदेशी देणगी नव्हे. परंतु ज्यानें कॅनडाचें नागरिकत्व घेतलें, किंवा गोव्याकडील अनेक बांधवांप्रमाणें पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, तो सुटींत घरीं येऊन रुपयांत देणगी देईल तरी कायद्यानें ती परदेशी ठरते. फेस्ताच्या गर्दींत हा प्रश्न विचारावयास अवघड वाटतो. पावतीपुस्तकांत 'नागरिकत्व' असा एक रकाना छापून घ्या, म्हणजे विचारावें लागणार नाहीं.

पुढील गोष्ट लहान आहे, तरी बोलून दाखवितों. संत विन्सेंट द पॉल संस्थेच्या सभांत शेवटीं जी थैली फिरते तींत कोणीं किती टाकलें हें शेजारच्यासहि कळत नाहीं. आपण मात्र अशा स्मरणिकांच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांच्या याद्या रकमेच्या उतरत्या क्रमानें छापतों; पन्नास रुपये देणारी म्हातारी सर्वांच्या खालीं, आणि तेंहि बारीक अक्षरांत. यादी अवश्य छापावी, ती हिशेबाचाच भाग आहे. पण ती अकारविल्हे लावावी, अशी माझी समितीस विनंति आहे.

आभाराचें पत्र आठ दिवसांच्या आंत जावें आणि त्यांत पुढील मागणी नसावी. सहा महिन्यांनीं दुसरें पत्र जावें: तुमच्या पैशाचें असें असें झालें. काम अडलें असेल तर तेंहि लिहावें. बरें वर्तमान कळविण्यास सर्वच पुढें येतात. काम अडल्याचें आपण होऊन कळविणारी संस्था मात्र देणाऱ्याच्या लक्षांत राहते.

आपण सर्वांनीं येत्या पंधरवड्यांत एक काम करावें. आपापलीं गेल्या पांच वर्षांचीं पावतीपुस्तकें काढावीं आणि ज्यांनीं एकदां दिलें व पुढें दिलें नाहीं अशांचीं नांवें निराळ्या कागदावर उतरावीं. नवे दाते शोधण्यापूर्वीं ह्या लोकांकडे जावें. मागावयास नव्हे; आपल्याकडून कांहीं राहिलें का, एवढें विचारावयास. माझ्या स्वतःच्या कागदावर पहिलें नांव त्या भाजीवाल्या गृहस्थांचें आहे. ते आतां हयात नाहींत, परंतु त्या दिवशीं बरोबर आलेल्या नातवंडांपैकीं मोठा नातू तोच व्यापार पाहतो, असें मला कळलें आहे. अजून माझें जाणें झालेलें नाहीं. पुढील आठवड्यांत जाणार आहें, आणि पाण्यानें भरलेल्या विहिरीचें एक छायाचित्र बरोबर नेणार आहें.

मी साडेसहाच्या गाडीपर्यंत येथेंच आहें. ज्यांनीं पावतीपुस्तकें बरोबर आणलीं असतील त्यांनीं चहा झाल्यावर शेजारच्या खोलींत यावें. आपण तीं एकत्र बसून पाहूं.